तिकिटाच्या जागी सही

प्रश्न : न्यू जर्सीत राहणारी माझी मुलगी दिवाळीला आली, तेव्हा तिकडच्या लोकप्रतिनिधीकडून आलेला एक लिफाफा तिने मला दाखवला. त्यावर तिकीट नाही, उजव्या कोपऱ्यात नुसती छापील सही आहे. हे टपाल खरोखरच फुकट जाते का? आपल्या खासदारांना अशी सोय आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्या सहीला तिकडे ‘फ्रँक’ म्हणतात. ठाण्यात फ्रँकिंग म्हटले की घराच्या करारनाम्यावर बँकेतून उमटवून आणलेला मुद्रांक शुल्काचा शिक्का आठवतो. पण त्यासाठी पैसे आपण आधीच मोजलेले असतात. अमेरिकेतील सही मात्र तिकिटाचेच काम करते. अर्थात फुकट ते पाठवणाऱ्यापुरतेच, कारण त्या टपालाचा खर्च टपाल खात्याला काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मंजूर निधीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशांतून, चुकता केला जातो.

ही प्रथा ब्रिटनची. तिथले संसदेचे सभासद कोऱ्या लिफाफ्यांवर सह्या करून ते मित्रमंडळींना वाटू लागले, म्हणून १७८४ पासून पत्ता आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहिण्याची सक्ती झाली. पुढे १८४० मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत देशात कुठेही पत्र पोहोचवण्याची पद्धत, आले आणि सवलतच रद्द झाली. अमेरिकेत ती १७७५ पासून आहे. १८७३ मध्ये तीही बंद झाली होती, पण टप्प्याटप्प्याने परत आली. आज तिथे मजकुरावर बंधने आहेत : कामकाजाची माहिती चालते, मतांची याचना किंवा सणाच्या शुभेच्छा चालत नाहीत. (आपल्या चौकांतील फलकांना हा नियम लावला, तर किती उरतील?) सभासद स्वतः उमेदवार असेल, तर निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत ५०० हून अधिक प्रतींचे एकगठ्ठा टपालही या सहीवर पाठवता येत नाही.

आपल्या खासदारांची सही तिकिटाच्या जागी चालत नाही. त्यांना कार्यालयीन खर्चाचा भत्ता मिळतो आणि लेखनसामग्री व टपाल यांचा खर्च त्यातच धरलेला असतो. सरकारी कार्यालयांच्या पाकिटांवर ‘सर्व्हिस’ छापलेली जी वेगळी तिकिटे दिसतात, ती कार्यालयांच्या टपालासाठी असतात.

आपल्या मुलीला त्या पत्राचे उत्तर टपालाने पाठवायचे असेल, तर तिकीट मात्र तिला स्वतःच लावावे लागेल. शेजारच्या कॅनडात नागरिकाने खासदाराला लिहिलेले पत्रही बिनतिकिटाचे जाते.