केळीचं खोड, तापीचे भोवरे आणि लेकीची एमएस्सी

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं: ‘मुलगी जळगावला बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बी.एड. कर म्हटलं तर ऐकत नाही. तिला द्विमितीय पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनच्या ऑर्बिटल परिणामांवर संशोधन करायचंय. द्विमितीय म्हणजे चित्रकला का, असं विचारलं तर हसली. भाऊबंद विचारतात, पोर काय करी राहिनी? यात नोकरी आहे का? त्यासाठी दोन एकर विकावे लागतील का?’

नमस्कार भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जमीन विकू नका. सरकारी संस्थेत एमएस्सीचा खर्च इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळ असतो, आणि पीएच.डी.ला तर उलट पैसे मिळतात. नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडं. ‘नॅनो’ नाव लावून लाखोंची फी सांगणारा कोणी दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता पोर काय करी राहिनी, ते सांगतो. घड उतरवल्यावर केळीचं खोड तुम्ही कापता, तेव्हा त्याचे पापुद्रे एकावर एक सुटत जातात. पापुद्रा स्वतः चिवट, पण शेजारच्या पापुद्र्याशी त्याची पकड सैल. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट असंच असतं. 2004 साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने त्याचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. तोच ग्राफीन. त्याबद्दल 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गॅरेजमधल्या मोली ग्रीसमध्ये जे मोलिब्डेनम डायसल्फाइड असतं, त्याचेही असेच पापुद्रे निघतात. द्विमितीय पदार्थ म्हणजे हे.

ऑर्बिटलचं म्हणाल, तर पुरातली तापी आठवा. पाणी सुरतेकडे वाहतं, पण वाहता वाहता त्यात भोवरेही फिरत असतात. पापुद्र्यातला इलेक्ट्रॉनही नुसता सरळ जात नाही, तो लाटेसारखा पसरलेला असतो आणि पुढे सरकताना स्वतःतच घुमतो. विद्युतभार घुमला की चुंबकत्व आलं. लेक ज्याला ऑर्बिटल परिणाम म्हणते, ते हेच. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका पापुद्र्यात इलेक्ट्रॉनचे दोन गट असतात, एकाचे भोवरे उजवे, दुसऱ्याचे डावे. वीज लावली की उजवे एका काठाला सरकतात, डावे दुसऱ्या. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विशिष्ट प्रकाश टाकून एकाच गटाचे भोवरे जागवले, तेव्हा बाहेरून चुंबक न लावताही विजेच्या प्रवाहाला आडव्या दिशेने व्होल्टेज मिळालं. ग्राफीनचे दोन पापुद्रे साधारण 1.1 अंशाने पिळून ठेवले तर आणखी गंमत होते. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला त्यात चुंबकत्व सापडलं. सगळा कार्बन, लोखंडाचं नावही नाही! हे चुंबकत्व मुख्यतः या घुमण्यातूनच येतं.

उपयोग म्हणाल तर कॉम्प्युटरच्या एका नव्या चुंबकी मेमरीत. तिथले बारीक चुंबक विजेने उलटवायला आज प्लॅटिनम, टंगस्टन असे जड धातू लागतात. हेच काम इलेक्ट्रॉनच्या घुमण्याकडून करून घेता आलं, तर हलके धातूही चालतील. टायटॅनियममध्ये हा परिणाम दिसल्याचं 2023 मध्ये प्रसिद्धही झालं. पण बाजारात यायला अजून वेळ आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही. ‘ऑर्बिटल तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात भुसावळला सोडा, पुण्यातही दिसणार नाही.

नोकरी विषयाच्या नावावर मिळत नाही, ती हातातल्या कामावर मिळते. या अभ्यासात पोरगी निर्वात यंत्रणा, पातळ थर बसवणं, उणे तापमानात मोजमाप आणि कॉम्प्युटरवर आकडेमोड शिकेल. चिपच्या कारखान्यांना अशी माणसं लागतात. असे कारखाने शेजारी गुजरातेत साणंद, धोलेऱ्याला उभे राहत आहेत. सुरतच्या गाडीत बसायला आपल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. प्राध्यापकीचा रस्ताही आहे, पण त्या जागा कमी आणि वाट लांब. पीएच.डी. होईस्तोवर ती सत्तावीस-अठ्ठावीसची होईल. घरात लग्नाचा विषय निघेल, तेव्हा हा हिशेब आधीच बोललेला बरा.

लेकीलाही माझं एक ऐकायला सांगा. बीएस्सीत असताना संशोधनाचा विषय इतका पक्का करू नये. आधी प्रयोग आवडतो की सिद्धांत, ते कळू दे. सिद्धांताला चांगला गुरू आणि कॉम्प्युटर पुरतो. प्रयोगाला मात्र अतिथंड करायला द्रवरूप हीलियम आणि धूळमुक्त स्वच्छ कक्ष असलेली प्रयोगशाळाच गाठावी लागते, म्हणजे बेंगळुरूची आयआयएससी, मुंबईची टीआयएफआर किंवा एखादी आयआयटी. त्यासाठी जॅम (आयआयटींची एमएस्सी प्रवेश परीक्षा), जेस्ट (संशोधन संस्थांची सामायिक परीक्षा) आणि टीआयएफआरची परीक्षा, तिन्ही द्यायच्या. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला मी ‘तुला जॅम झेपणार नाही’ म्हणालो होतो. त्याने माझं ऐकलं, याचं मला अजून वाईट वाटतं. नाहीच जमलं तर जळगावला बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात एमएस्सी करून नेट देता येते. त्यात कमीपणा मानू नये.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. मुलींना फी कमी आहे. तुम्ही ओबीसीत येत असाल तर नॉन-क्रिमिलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला काढा, राज्याचा तिथे चालत नाही. केळीची कापणी सुरू झाली की तुम्हाला तहसीलला जायला सवड मिळायची नाही, तेव्हा या आठवड्यातच जाऊन या.