आधी बशी पालथी करा!

प्रश्न : सासूबाईंच्या कपाटात सहा निळ्या-पांढऱ्या बशा सापडल्या, त्यावर पूल, होडी, झाडं, छोटंसं घर असं चित्र आहे. घरात सगळे म्हणतात चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावहून आल्यात, चीनच्या मिंग घराण्याच्या काळातल्या. जुन्या वस्तू घेणारा एकजण सहाचे मिळून पाच हजार देतोय. देऊन टाकू का? (मडगावहून एक वाचक)

उत्तर : थांबा ताई, लगेच देऊ नका, पण मिंग मिंग पण करू नका. मकावचं म्हणाल तर अगदी शक्य आहे, पोर्तुगीज १५५७ पासून तिथे बसलेले आणि तिकडची जहाजं गोव्याला यायचीच, तुमच्या जवळच चांदोरला ब्रागांझांच्या वाड्यात अशी चिनी भांडी बघायला मिळतात. फक्त पूल आणि होडी म्हटलं की मला आधी शंका येते ती इंग्लंडची. चिनी नक्षी बघून तिकडच्या कारखान्यांनी १७९० च्या सुमाराला विलो पॅटर्न काढला आणि तो इतका छापला, इतका विकला की विचारू नका, त्यामुळे 'चिनी' म्हणून जपलेली बशी इंग्रजी निघणं यात नवल काहीच नाही. वर आकाशात दोन पक्षी आणि पुलावर तीन माणसं दिसली तर समजून जा.

नाही दिसली तर बशी उजेडात नेऊन पालथी करा. खालच्या गोल कडेवर ग्लेझ (म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर) नसेल, तिथे बोट फिरवा, चिनी असेल तर ग्लेझ जिथे संपतं तिथे बऱ्याचदा विटकरी-नारिंगी झाक असते आणि ग्लेझवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे. मग भिंग घ्या. हाताने रंगवलेल्या बशीत आधी गडद रेघ मारून आत पातळ निळा भरलेला असतो, कुठे साचलेला, कुठे फिका, आणि सहा बशांमधल्या सहा होड्या काही केल्या सारख्या नसतात. छापील असेल तर सगळ्या सेम टू सेम, शिवाय काठाच्या पट्टीत कुठेतरी छापाच्या कागदाचा जोड असतो, तिथे नक्षी नीट जुळत नाही. मला तरी हा जोड सापडला की पुढे काही बघावंसं वाटत नाही.

चिनीच निघाल्या तर बहुतेक १९व्या शतकातला 'कँटन' माल असेल. चीनमधल्या जिंगदेझेन या भांड्यांच्या गावी बनवायचा, कँटन बंदरातून पाठवायचा. चहाच्या पेट्या भिजू नयेत म्हणून जहाजाच्या तळाला ही भांडी रचायची पद्धत होती, पाण्याने त्यांचं काय बिघडणार! म्हणजे माल ढिगाने गेला, साध्या बशीला लाखो रुपये येत नाहीत. मिंगच्या शेवटी निर्यात व्हायचा तो क्राक माल वेगळाच, काठावर चौकटी चौकटी पाडलेल्या, अंगाने पातळ, कडेचं ग्लेझ उडालेलं आणि बुडाला वाळूचे कण चिकटलेले.

प्रश्न : आजोबांच्या आल्याच्या बरणीखाली चार चिनी अक्षरं आहेत, ओळखीतले एक म्हणाले कांगशी बादशहाचा शिक्का, म्हणजे तीनशे वर्षं जुनी. खरं का? (गिरगावहून)

उत्तर : शिक्क्यावर विश्वास ठेवायचा तो सगळ्यात शेवटी. कांगशी १६६१ ते १७२२ गादीवर होता, पण १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायलाच बंदी केली होती, म्हणून त्या काळच्या भांड्यांखाली बऱ्याचदा नुसती दोन रिकामी वर्तुळं, एखादं पान, नाहीतर त्याहून जुन्या चंगहुआ बादशहाचं नाव सापडतं. आणि तडकलेल्या बर्फावर पांढरी फुलं काढलेल्या बरण्यांवर चार अक्षरी 'कांगशी' दिसलं तर ते बहुतेक वेळा १९व्या शतकाच्या शेवटचं काम. खाली इंग्रजीत 'चायना' असेल तर प्रश्नच मिटला, अमेरिकेने १८९१ पासून देशाचं नाव सक्तीचं केलं तेव्हापासूनची ही सवय. आजोबांची बरणी म्हणून ठेवा, छानच असते ती. लोणचं मात्र भरू नका, तेल मुरलं तर डाग निघत नाही.

प्रश्न : माझ्या चहाच्या वाटीला केसाएवढा तडा आहे, किंमत किती कमी होईल?

उत्तर : बरीच, साधी वाटी असेल तर निम्म्याहून खाली. टिचकी मारून बघा, धड वाटी टणटण वाजते, तडकलेली थप्प. याला एक गोष्ट आडवी येते ती म्हणजे वाटीचा इतिहास. गेल्डरमाल्सेन नावाचं डच जहाज १७५२ ला बुडालं, १९८५ मध्ये त्यातून दीड लाखाच्या आसपास भांडी वर काढली आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलाव झाला, तर त्यातल्या अगदी साध्या वाट्यासुद्धा लोक लिलावाचं स्टिकर न काढता जपतात, कारण ते स्टिकर गेलं की ती चारचौघींसारखी वाटी. तुमच्याकडे जुनी पावती, पत्र, फोटो काही असेल तर वाटीसोबतच ठेवा. परदेशातल्या लिलावाला पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने अशी बाहेर पाठवता येत नाही. आणि प्लीज, त्या तड्यात फेविक्विक भरू नका.