एक पॉइंट मिळालाय, तो कमी नाही

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या क्लासिफिकेशनमध्ये, म्हणजे शरीराच्या क्षमतेनुसार पॉइंट ठरवतात त्यात, तुला 1.0 मिळाला आणि तू फोनवर म्हणालीस, "ताई, म्हणजे मी सगळ्यात खालची." पुढचं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत तू नव्हतीस, म्हणून लिहितेय.

अगं, ते मार्क नाहीत. पोटापाठीवर तुझा ताबा किती, तू किती वाकू-वळू शकतेस, एवढंच त्यातून कळतं. ज्याचं धड साथच देत नाही त्याला 1.0, ज्याला अडचण अगदी थोडी त्याला 4.5. आणि कोर्टावरच्या पाच जणींची बेरीज 14 च्या वर जाऊन चालत नाही. आता कागद घे. 4 पॉइंटच्या तिघी उतरवल्या की झाले 12. उरल्या दोन जागा आणि पॉइंट उरले 2. म्हणजे त्या दोन्ही जागी 1.0 वाल्याच लागणार! तुझ्यासारखी पक्की खेळाडू हाताशी नसेल, तर कोचला त्या 4 पॉइंटवाल्यांपैकीच एकीला बाहेर बसवावं लागतं.

फक्त पक्की हो. बास्केट आपल्यालाही दहा फुटांवरच आहे आणि धडाचा जोर नसताना तिथवर बॉल पोचवायला तुला वेळ लागेल, लागू दे. आधी पिक शीक, म्हणजे आपली खुर्ची आडवी घालून समोरच्या खेळाडूची वाट अडवणं. व्हीलचेअर आडवी सरकत नाही, हे कायम डोक्यात ठेव. उभा खेळाडू एक पाऊल बाजूला टाकून सुटतो. खुर्चीवाल्याला आधी मागे यावं लागतं, वळावं लागतं, मग पुन्हा वेग घ्यायचा. तू तुझी खुर्ची समोरच्या टीममधल्या मुलीच्या चाकापुढे वेळेवर नेऊन उभी केलीस, की 4.5 वालीसुद्धा अडकते. ती तुझ्यापाशी मागेच अडकली की पुढे आपल्या चौघींसमोर त्यांच्या चौघीच उरतात, आणि त्यांत त्यांची 4.5 वाली नसते. पण जागा आधी धरायची. उशिरा जाऊन धडकलीस तर फाऊल तुझा, कारण खुर्ची हे तुझं शरीरच धरलं जातं. चांगल्या पिकची स्कोअरशीटवर नोंद होत नाही. ज्याला खेळ कळतो त्याला मात्र ते दिसतं, आणि निवड करणाऱ्यांना खेळ कळतो.

आता शरीराबद्दल. इथे मी कडक बोलणार आहे. तू पाणी कमी पितेस, मला माहीत आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचं असलं की आपल्यातल्या कित्येकजणी आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद करतात, कारण बाथरूममध्ये खुर्ची शिरत नाही. त्यातून लघवीचं इन्फेक्शन होतं आणि स्पर्धा तापात जाते. त्यात आपलं सोलापूर. मणक्याला मार लागलेल्यांना दुखापतीच्या खाली नीट घाम येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं आणि आपल्याला कळतही नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर कोर्टावर थांबायचं नाही. पाण्याची बाटली खुर्चीलाच बांध आणि मान-चेहऱ्यावर पाणी मारत राहा. रोज रात्री आरशात बैठकीची जागा बघ. लाल डाग दिसला आणि दाबल्यावरही लालच राहिला, तर तो विरेपर्यंत त्या जागेवर भार नाही, सामना असला तरी. बेडसोर झाला की महिनेच्या महिने पालथं पडून काढावे लागतात. आणि खांदे! त्याच खांद्यांवर तू खेळणार, त्यांच्यावरच पलंगावरून खुर्चीत येणार, म्हातारपणीही तेच. ढकलून ढकलून पुढचे स्नायू तयार होतात, मागचे मागेच राहतात. म्हणून रबर बँड ओढायचा व्यायाम चुकवू नकोस.

पैशांचं तुझ्या आईने विचारलं होतं. त्यांना खरं तेच सांग. जर्मनी, स्पेन, इटलीत क्लब खेळाडूंना पैसे देतात. आपल्याकडे या खेळावर घर चालत नाही. आपल्या देशाची व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशनच 2014 साली उभी राहिली. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं आणि पद्मश्री मिळाली 2018 साली. तेवढी वाट बघत पोट भरत नाही. त्यामुळे बारावी सोडायची नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घे. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के जागा राखीव आहेत, त्या परीक्षांची तयारी खेळाबरोबरच सुरू कर. हातात पगार असलेली मुलगी जास्त वर्षं खेळते, हे मी आजूबाजूला बघत आलेय.

खेळाच्या खुर्चीची घाई नको. चांगली खुर्ची महाग असते आणि ती अंगाच्या मापाची लागते. तुला बैठक मागे उतरती हवी, गुडघे कमरेपेक्षा वर, म्हणजे पुढे तोल जाणार नाही. माप मी घेईन. तोवर माझी जुनी वापर. मोठी चाकं बटण दाबलं की निघतात, सात रस्त्यावरून रिक्षात सहज बसते.

रविवारी साडेसहाला ये, सकाळी. कमरेचा पट्टा आण, बॉल आणू नकोस. आपण फक्त पिक करणार आहोत.

तुझी,
ताई