शॉकअप नवे, तरी खडखड तशीच

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. मे महिन्यापर्यंत एसी आणि तापणारं इंजिन, आणि जुलैपासून पुढच्या चाकांतून येणारा आवाज. या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात जे झालं ते मुंबईत रोज होतं आणि लोकांचे कष्टाचे पैसे त्यात जातात.

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक 8 वर्षांची आहे, 70,000 किलोमीटर झाली. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत. त्यावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाताना पुढे डावीकडून खट्-खट्-खट् येतं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर काही नाही. सोसायटीच्या गेटजवळचा स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तरी काही नाही. गॅरेजवाल्याने शॉकअप गेलेत म्हणून दोन्ही बदलले. बिल भरलं, आवाज जिथल्या तिथे. आता तो म्हणतो, लोअर आर्म (चाकाला खालून चेसिसशी धरणारा दांडा) बदलू. बदलू का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : नका बदलू. अजून तरी नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य स्पीडब्रेकरचं आहे. दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा गाडी गप्प, आणि पेव्हर ब्लॉकवर एक चाक वर, दुसरं खाली असं होतं तेव्हा खट्-खट्. हे लक्षण स्टॅबिलायझर बारकडे बोट दाखवतं. हा बार म्हणजे डावं आणि उजवं चाक एकमेकांशी बांधणारी वाकवलेली पोलादी कांब. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून ती असते. दोन्ही चाकं सारखी वर आली तर बार नुसता आपल्या जागी फिरतो, त्याच्यावर पीळ पडत नाही. एकच चाक उचललं की पीळ पडतो, आणि तो पीळ बारच्या टोकाला असलेल्या लिंकवरून जातो. आपल्याकडे तिला लिंक रॉड म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. त्यांच्यावरचा रबरी बूट फाटला की पावसाचं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं आणि लोखंड लोखंडावर आपटू लागतं. हायवेवर रस्ता सपाट असतो, शिवाय टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ते बुडून जातं.

शॉकअप खरोखर गेला असता तर त्याच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसलं असतं, किंवा स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डुलली असती. मोठ्या खड्ड्यात एकच जड धप् आला असता. बारीक, भराभर येणारी खट्-खट् सहसा त्याची नसते. एक शक्यता मात्र डोक्यात ठेवा. आवाज आधीपासून होता म्हणून ती मागे पडते, पण नवे शॉकअप बसवताना वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअपला बॉडीशी धरणारा भाग, जुनंच ठेवलं असेल, किंवा एखादा नट पूर्ण आवळला नसेल, तरी असाच आवाज येतो. शॉकअप बसवताना बऱ्याच गाड्यांत लिंक रॉड सोडून परत लावावी लागते, तिचाही नट बघा.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे हात जायला जागा होते. लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा. चांगली लिंक हलत नाही किंवा घट्ट, जड अशी किंचित फिरते. गेलेली लिंक टक्-टक् करते आणि ती टक् बोटांना कळते. बहुतेक ठिकाणी गाडीचं एक चाक जॅकवर उचलून ही लिंक बघतात आणि ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देतात. एक चाक उचललं की बारला पीळ पडतो, लिंक ताणली जाते आणि तिची ढिलाई लपते. बघायचं तर दोन्ही चाकं जमिनीवर, नाहीतर दोन्ही सारखी उचललेली.

तरीही खात्री होत नसेल तर मी माझ्या गॅरेजात जे करतो ते तुमच्या मेस्त्रींना करायला सांगा. दोन्ही लिंक सोडायच्या, बार कशाला लागणार नाही असा बांधायचा आणि त्याच गल्लीत अगदी सावकाश एक फेरी मारायची. आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा बारला चेसिसशी धरून ठेवणाऱ्या रबरी डी-बुशमध्ये. आवाज तसाच राहिला तर हा सगळा भाग निर्दोष, पुढे बघा. लिंक नसताना गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ही फेरी गल्लीपुरतीच, मुख्य रस्त्यावर अजिबात नाही.

लिंक बदलायचं काम लहान आहे, पण समुद्राची हवा आणि पाऊस यांनी नट गंजून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर बरं. नट सोडताना आतला खिळाही बरोबर फिरतो, त्याला ॲलन कीने किंवा मागून पान्याने धरावं लागतं. लिंक जोडीने बदला. त्यासाठी व्हील अलाइनमेंट लागत नाही. मात्र शॉकअप बदलल्यावर अलाइनमेंट केलं होतं का, ते बिलावर बघा. नसेल केलं तर आधी करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतील.

लिंक ठीक निघाली तर पुढची ओळख आवाज कुठे आणि कधी जाणवतो यावरून पटते. खराब रस्त्यावर ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत, सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही. ठोका स्टिअरिंगच्या चाकातून हाताला बसत असेल तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकचा बुश, म्हणजे स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे भाग. ठोका पायाखालच्या पत्र्यात जाणवत असेल, ब्रेक मारताना एकदा आणि क्लच सोडताना एकदा धप् होत असेल, तर लोअर आर्मचे बुश किंवा इंजिन माउंटिंग. आणि या सगळ्याआधी डिकीतला जॅक, स्टेपनी, चाकांचे नट, इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर हाताने हलवून बघा. फुकटचं काम आहे आणि बऱ्याच वेळा तिथेच उत्तर मिळतं.

गॅरेजवाल्याला माझं एवढंच सांगणं आहे, गिऱ्हाइकाला शेजारी बसवून आवाज ऐकल्याशिवाय भाग उघडू नये. तुम्हीही तसा आग्रह धरा. पाच मिनिटांची फेरी मारायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

प्रश्न : मी टुरिस्ट परमिटची सेडान चालवतो. खड्ड्यात पुढे उजवीकडून कडक् असा आवाज येतो, कधी कधी स्टिअरिंग वळवतानाही. मेस्त्रींनी टॉमी (लोखंडी पहार) घालून दाखवलं, बॉल जॉइंट हलतोय. गणपतीला सावंतवाडीची भाडी घेतली आहेत, आत्ता गाडी उभी ठेवली तर नुकसान होईल. परत आल्यावर बदलला तर चालेल ना, दादा? — एक वाचक, कुर्ला

उत्तर : नाही चालणार, भाऊ. या सदरात मी बहुतेक गोष्टींना ‘बघू, थांबू’ म्हणतो. इथे म्हणणार नाही.

लोअर आर्मच्या टोकाला असलेला हा बॉल जॉइंट आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा आहे, वाटीत बसलेला गोळा. चाक वर-खाली होणं आणि वळणं, दोन्ही त्याच्यावर. लिंक रॉड तुटली तर गाडी नुसती कलेल, तुम्ही घरी पोचाल. बॉल जॉइंट वाटीतून निघाला तर चाकाची खालची बाजू सुटते, चाक आडवं पडून मडगार्डमध्ये शिरतं आणि स्टिअरिंग हातात असून उपयोगाचं राहत नाही. हे बहुधा खड्ड्यात, वळताना किंवा ब्रेक मारताना होतं, म्हणजे नेमकं तेव्हाच जेव्हा चाकावर जास्तीत जास्त भार असतो. मुंबई-गोवा रस्त्यावर रात्रीचं, मागे कोणाची तरी मुलंबाळं झोपलेली, डिकीत सामान ठासून भरलेलं. भाडं बुडेल ते भरून निघेल.

मेस्त्रींनी बरोबर शोधलंय असं दिसतं, तरी एकदा समोर उभं राहून पक्कं करून घ्या. गाडी चेसिसच्या जागेवर जॅक लावून उचला, खाली घोडी (भार पेलणारा पक्का स्टँड) ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नका. मागच्या चाकांना ठोकळे. मग चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. न थांबता तशीच राहिली आणि सांध्याजवळ फट उघडताना दिसली, तर बॉल जॉइंट. 3 आणि 9 च्या जागी धरून हललं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते त्यांत जॅक आर्मखाली लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने सांधा घट्ट राहतो आणि झीज दिसतच नाही. तुमच्या सेडानमध्ये स्प्रिंग शॉकअपवर असणार, त्यामुळे चेसिसवर उचललेलं बरोबर.

बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट आर्मसकट येतो. सुटा मिळत असेल आणि आर्मचे बुशही चिरलेले असतील तर आख्खा आर्म टाकणं सोयीचं, मजुरी एकदाच पडते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या भागांच्या बाजारात, जुना आर्म स्वस्तात मिळेल, तुमच्या घराजवळच आहे. आरसा, दिवा, दरवाजा तिथून जरूर घ्या. स्टिअरिंगचे आणि सस्पेन्शनचे भाग जुने घेऊ नका, त्यांची आतली झीज आणि बसलेला मार वरून दिसत नाही.

बसवताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण नवे बुश वर्षभरात फाटतात ते यामुळे. आर्मच्या बुशातलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच जागी धरलं जातं. गाडी खाली उतरवली की ते पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. म्हणून बोल्ट आधी हाताने बसेल तेवढाच, गाडी चाकांवर उतरवायची, आणि मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कंपनीच्या मापाला पक्का करायचा. बॉल जॉइंटचा नट आणि त्याची पिन नवीच. त्यानंतर अलाइनमेंट.

सकाळी गाडी दिली तर हे काम साधारण संध्याकाळपर्यंत होतं. भाडं असलेल्या दिवसाच्या आधी चार दिवस करा, म्हणजे रिकाम्या गाडीने खराब रस्त्यावर फिरून बघता येईल.

प्रश्न : आमच्या वाडीत गाडी उभी करायला स्टिअरिंग खूप फिरवावं लागतं. जागच्या जागी फिरवलं की पुढून टण् असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो. चालत्या गाडीत काही नाही. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग अडकतंय. ते फिरत नाही, मग स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून चाकाच्या कमानीतून स्प्रिंगवर बोटांची टोकं हलकेच ठेवा, वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालू नका. उडी हाताला कळेल. माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं बदला. हे घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग शिकंज्यातून (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्यारातून) निसटली तर जीव जाऊ शकतो. आणि शक्य होईल तिथे गाडी किंचित पुढे सरकत असताना स्टिअरिंग वळवत जा. उभ्या गाडीत वळवल्याने बेअरिंग, रॅक आणि टायर तिन्हीवर ताण येतो.

प्रश्न : वळताना पुढून कट्-कट्-कट् येतं, सरळ जाताना नाही. — एक वाचक, चेंबूर

उत्तर : ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा, एक्सलेटर दिल्यावर आवाज वाढला की नक्की. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल तर बूट फाटलाय. आवाज नसताना नुसता बूट फाटलेला दिसला तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच.

प्रश्न : पुढून कुईकुई येते. ओळखीच्या एकाने बुशांवर जुनं इंजिन ऑइल मारायला सांगितलंय. मारू का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : नका मारू. खनिज तेलाने बुशाचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच. कुठून येतंय हे शोधायला साबणाचं पाणी पुरतं. एका वेळी एकाच बुशावर मारा, गाडी हाताने दाबून सोडा आणि ऐका. ज्याच्यावर मारल्यावर कुईकुई थांबली तो बुश धरा. पाणी सुकलं की आवाज परत येईल. बुशाला चीर दिसली तर बदला, चीर नसेल तर सिलिकॉन स्प्रे मारून पावसाळा निघून जाईल.