वाचकांचे प्रश्न : ‘केवळ तपासणीसाठी भरती’ म्हणून अँजिओग्राफीचा दावा नाकारला

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून कापसाची शेती करतात. वेचणी चालू असताना त्यांच्या छातीत दुखू लागले व दरदरून घाम सुटला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवले. तेथे एका खासगी रुग्णालयात रात्री भरती करून इंजेक्शने दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून अँजिओग्राफी केली. थोडा अडथळा आढळला. स्टेंटची गरज नाही असे सांगून गोळ्या लिहून दिल्या व संध्याकाळी सुटी दिली. ‘केवळ तपासणीसाठी भरती, तीही २४ तासांहून कमी’ असे कारण देऊन विमा कंपनीने २८ हजारांचा क्लेम नाकारला. हे योग्य आहे का?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून हा नकार मला योग्य वाटत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डा’ने, २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांपैकी एकानुसार, मुख्यतः केवळ निदानासाठी झालेल्या भरतीचा खर्च देय नसतो, हे खरे आहे. परंतु आपले वडील तपासणीची तारीख घेऊन गेले नव्हते. त्यांना त्रास होत होता, ईसीजी पाहून डॉक्टरांनी त्यांना पुढे पाठवले होते आणि अँजिओग्राफीच्या आधीच औषधोपचार सुरू झाला होता. अशी भरती उपचारासाठीच असते. त्या उपचाराची दिशा ठरवण्यासाठी अँजिओग्राफी करावी लागली. कसलाही त्रास नसताना, ठरवून केलेल्या अँजिओग्राफीबाबत मात्र मी इतक्या ठामपणे लिहिले नसते.

अडचण बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डात असते. त्यावर घाईने ‘सीएजीसाठी (म्हणजे अँजिओग्राफीसाठी) भरती’ एवढेच लिहिले जाते आणि दावा तपासणारा माणूस तेवढीच ओळ वाचतो. म्हणून आपले कार्ड आधी पाहावे. त्यात छातीतील वेदना, ईसीजीतील बदल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासले असल्यास त्याचा अहवाल आणि कोणते इंजेक्शन किती वाजता दिले याचा उल्लेख नसेल, तर रुग्णालयाकडून संपूर्ण केस पेपरची प्रत मागून घ्यावी आणि भरतीचे वैद्यकीय कारण सांगणारे प्रमाणपत्र हृदयरोगतज्ज्ञांकडून घ्यावे. ग्रामीण रुग्णालयाची ती चिठ्ठी आणि तेथील ईसीजी हा आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण नागपूरला पोहोचण्यापूर्वीच तो तयार झालेला आहे. सुटीची वेळ वाढवून लिहून देण्याची विनंती मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. खोट्या कागदामुळे दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

२४ तासांच्या अटीलाही अपवाद आहे. तंत्रज्ञानातील प्रगतीमुळे जे उपचार किंवा शस्त्रक्रिया भूल देऊन, संपूर्ण अथवा स्थानिक, २४ तासांच्या आत होऊ शकतात, त्यांना ‘डे केअर’ मानले जाते. अँजिओग्राफी स्थानिक भूल देऊनच करतात. तेव्हा आपल्या पॉलिसीच्या डे केअर यादीत ती आहे का, हे पाहावे आणि असल्यास तो पृष्ठक्रमांक अर्जात लिहावा.

हे सर्व जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील नेमके कलम सांगणे व कंपनीच्या समितीची मान्यता घेणे बंधनकारक आहे. या दोन्हींचा तपशील अर्जातच मागावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

मूळ बिले जपून ठेवावीत. छातीचा त्रास वाढून पुढे अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली, तर त्या भरतीपूर्वीच्या ठरावीक दिवसांतील, अनेक पॉलिसींत ३० दिवसांतील, त्याच आजाराच्या तपासण्यांचा खर्च मागता येतो.

प्रश्न : सासूबाईंना अँजिओग्राफी सांगितली आहे. विमा नाही, केशरी रेशनकार्ड आहे. आधी पैसे भरले तर महात्मा फुले योजनेतून ते परत मिळतील का?
— एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : तशी अपेक्षा ठेवून पैसे भरू नयेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ती रोकडरहित योजना आहे. मंजुरी आधी घेतली जाते आणि रक्कम थेट रुग्णालयाला मिळते. त्यामुळे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला, भेटावे, रेशनकार्ड व आधार दाखवावे आणि नुसती अँजिओग्राफी कोणत्या उपचारात धरली जाईल, हे स्पष्ट विचारावे. कोणी वेगळे पैसे मागितल्यास पावतीचा आग्रह धरावा आणि तेथूनच १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.