जुनी जिप्सी ठेवू की जिम्नी घेऊ?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमची २००७ सालची मारुती जिप्सी किंग आहे. पेट्रोल, कापडी हूड, १ लाख ३८ हजार किलोमीटर. वडिलांनी घेतलेली गाडी. घर चिपळूणजवळ आणि आंबा-काजूची बाग ३ किलोमीटर कच्च्या चढावर. जांभा दगडाचा रस्ता, मध्ये एक पऱ्ह्या (ओढा). हल्ली साठच्या पुढे गेलं की खड्ड्यात आदळल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरतं. पावसात ड्रायव्हरच्या पायाखालून पाणी येतं. चढावर ओढ कमी झाली आहे. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडावं लागेल, त्यापेक्षा मारुतीचीच नवी जिम्नी घ्या. घरात आम्ही पाच जण; आईला मागच्या आडव्या बाकावर आता बसवत नाही. नोंदणी २०२७ला संपते. गाडी काढायला मन होत नाही. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची तक्रार इंजिनाची नाही, पायाखालून येणाऱ्या पाण्याची आहे. जिप्सीचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारे गिअर) सगळं उघडून पुन्हा बांधता येतं. चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, गंजाने आतून खाल्ली गेली असेल तर मात्र वर कितीही खर्च केला तरी तो पाण्यात. म्हणून इंजिन उघडायच्या आधी गाडी रॅम्पवर घ्या.

आधी खालून प्रेशरने धुऊन पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग आतली रबरी मॅट काढा आणि पाय ठेवतो ती जागा, मागच्या चाकांच्या कमानी जिथे फरशीला मिळतात तो सांधा, बॅटरीखालचा ट्रे आणि काचेच्या चौकटीची खालची कड बघा. हा सगळा पत्रा आहे. कापून नवा लावता येतो, त्याने घाबरू नका. खरी परीक्षा चेसिसची. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे हलत्या कड्या, जिथे लटकतात ते ब्रॅकेट आणि मागच्या चाकावरून चेसिस वर वळते तो भाग, इथे छोट्या हातोडीने दर दोन बोटांवर ठोकत जा. धड लोखंड टणटण वाजतं. आत खपल्या साचल्या असतील तर आवाज भद्द येतो. तिथे जाड स्क्रूड्रायव्हर जोर देऊन दाबा. टोक आत गेलं तर ती जागा संपली. कोकणात हे घडतं ते नुसत्या पावसाने नाही. तांबडी माती चेसिसच्या पोकळीत जाऊन बसते, पाणी निघायची भोकं बुजतात आणि खाऱ्या हवेतली ती ओल उन्हाळ्यातही सुकत नाही.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. चेसिसवर कोरलेला नंबर वाचता येतो का ते बघा. नोंदणीच्या नूतनीकरणाला त्याची पेन्सिल छाप द्यावी लागते. अंक गंजात बुडाले असतील तर घासून काढायच्या भानगडीत पडू नका, अंकच जातील. गंज उतरवणारं जेल लावा, मऊ ब्रशने पुसा, वर ग्रीसचा हात फिरवा.

एक-दोन ठिकाणी बोटभर भोक असेल तर चेसिस वाचते. वेल्डिंग करताना पट्टी दोन्ही टोकांना निमुळती कापून घ्यायला सांगा. चौकोनी ठिगळाचा उभा वेल्ड चेसिसला आडवा जातो आणि पुढची चीर तिथेच पडते. पेट्रोलची टाकी खाली उतरवल्याशिवाय आणि बॅटरी व ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढल्याशिवाय वेल्डिंगची कांडी लावू देऊ नका. नंतर झिंकचा प्रायमर आणि पोकळीच्या आत मेण फवारून घ्या. गंजावर थेट काळं डांबरी कोटिंग मारणाऱ्याला थांबवा. ते वरून छान दिसतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. शॅकलच्या ब्रॅकेटभोवती चेसिस दोन्ही बाजूंनी मऊ लागली, तर मात्र ठेवायचा हट्ट सोडा.

आता थरथर. जिप्सीच्या पुढच्या सलग अ‍ॅक्सलवर हा जुना आजार आहे आणि त्यावर बहुतेक ठिकाणी नवा स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा दांडा) लावून गाडी परत देतात. चार महिने बरं वाटतं, मग पुन्हा तेच. पुढचं एक चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिनची, म्हणजे ज्यावर चाक वळतं त्या खिळीची, बेअरिंग गेली आहेत. ती बदलताना शिम्स (पातळ चकत्या) घालून ताण बसवावा लागतो आणि तो स्प्रिंग काट्याने मोजतात, नुसत्या हाताच्या अंदाजाने नाही. त्याच वेळी नकलची (चाक वळतं त्या सांध्याची) सीलही बदला, कारण तिथून चिखल आत गेला म्हणूनच बेअरिंग गेली. टाय रॉड एंड आणि पाट्यांचे बुश तपासा, चाकं बॅलन्स करा. हे सगळं झाल्यावर डँपर बघा.

ओढ कमी होण्याचं कारण इंजिन उघडण्याआधी कळू शकतं. क्लच सरकतो का, एअर फिल्टर तुंबलाय का, मागचे ब्रेक शू ड्रमला घासतायत का, हे आधी बघा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. गाडी गरम असावी, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा प्रति चौरस सेंटिमीटर १४ किलोच्या आसपास हवा. १२च्या खाली गेला किंवा दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्यात. हलला नाही तर व्हॉल्व्ह. म्हणजे फक्त हेड उतरवावं लागेल, अख्खं इंजिन नाही. मेकॅनिकने हे मोजून न दाखवता इंजिन उघडायचं म्हटलं असेल तर आधी मोजायला लावा.

तुम्ही पऱ्ह्यातून जाता, म्हणून दोन्ही डिफरन्शियलचं ऑइलही काढून बघा. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी गेलंय. पुढच्यात सुमारे २ लिटर, मागच्यात दीड, ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) पाऊण ते ०.८ लिटर ऑइल बसतं. डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ वापरा. अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला (हवा खेळायच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत नेली की हा त्रास मुळातच थांबतो. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. नळी वर असेल तर ती हवा ओढते.

जिम्नीविषयी. बागेच्या रस्त्यासाठी ती जिप्सीची खरी वारस आहे, यात आम्हाला शंका नाही. लॅडर चेसिस, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, लो रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणारा) ट्रान्सफर केस, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्याने जांभ्यावर पाठ वाचते. इंजिन दीड लिटरचं, १०३ बीएचपी. जिप्सी किंगचं ८०. चाक हवेत गेलं की जिप्सीत तेच चाक फिरत राहतं. जिम्नीत त्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि जोर दुसऱ्याकडे जातो. ओल्या चिकणमातीवर हा फरक पहिल्याच दिवशी कळेल. हायवेवरही ती शांत आहे. जिप्सीचा ट्रान्सफर केस हाय रेंजमध्येही वेग १.४ पटीने उतरवतो, म्हणून ती सत्तरलाच ओरडते. वर सहा एअरबॅग, एबीएस, घसरती गाडी सावरणारं ईएसपी.

पण भारतात विकली जाणारी जिम्नी चार माणसांची गाडी आहे. मागे दोनच बेल्ट, आणि सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटरची. तुम्ही पाच जण. म्हणजे जिप्सी काढून जिम्नी आणली तरी आईचा किंवा एका मुलाचा प्रश्न तसाच राहतो आणि आंब्याच्या पेट्यांना जागा उरत नाही.

म्हणून आमचं मत असं. चेसिस धड निघाली तर जिप्सी ठेवा, किंगपिन आणि फरशीचं काम करा आणि तिला बागेपुरती ठेवा. आई आणि मुलांसाठी जिम्नीच्या पैशात पाच बेल्टची, एअरबॅगची साधी गाडी घ्या. बेल्ट नसलेल्या आडव्या बाकावर मुलांना हायवेने नेणं मात्र आजच बंद करा. इथे प्रेमाला जागा नाही. चेसिस गेली असेल तर जिप्सी सोडा. पण शोरूमच्या एक्सचेंजला देऊ नका, तिथे वर्ष बघून भाव करतात. अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स शोधणारे जिप्सीवाले जास्त देतील. ठेवणार असाल तर नूतनीकरण मुदतीआधी करा. १५ वर्षांवरच्या मोटारीला शुल्क ५ हजार होतं, ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १० हजार झालं आहे. पर्यावरण कर वेगळा. नंबरप्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) हवी.

प्रश्न : माझी २०१३ची थार सीआरडीई (डिझेल) आहे, पुण्यात वापरतो. सुट्टीच्या दिवशी मावळ, भोर, वेल्ह्याकडचे कच्चे रस्ते. नवी तीन दारांची थार की पाच दारांची रॉक्स? की हीच ठेवू? धूर वाढलाय, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : धूर आणि उशिरा स्टार्ट होण्यावरून गाडी काढू नका. आधी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि पातळी बघायची. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली तर दोष त्या इंजेक्टरमध्ये. संपूर्ण संच बदलायची गरज बहुधा पडत नाही.

तुमच्या वापराला मोठा मुद्दा मापांचा आहे. जुनी थार १७२६ मिलिमीटर रुंद, रॉक्स १८७०. जवळजवळ १५ सेंटिमीटरचा फरक करवंदीच्या जाळीतल्या वाटेवर दर वळणाला जाणवतो. रॉक्सचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिलिमीटर, तीन दारांच्या नव्या थारचा २४५०. उंच बांध ओलांडताना रॉक्सचं पोट टेकतं ते या लांबीमुळे. उलट घरचे चार-पाच जण रोज बसणार असतील तर रॉक्सच. तिला भारत एनकॅपचे (अपघात-सुरक्षा चाचणीचे) पाच तारे आहेत, तुमच्या गाडीत एअरबॅगच नाही. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं हे लक्षात ठेवा. नव्या डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. रोज चार-पाच किलोमीटरच फिरणार असाल तर तो काजळीने तुंबतो. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवावी लागेल.

एकटे किंवा दोघे जात असाल तर इंजेक्टर दुरुस्त करून हीच ठेवा. बदलायचीच असेल तर तीन दारांची डिझेल थार.

प्रश्न : १९९४च्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीला आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल का? एका गॅरेजवाल्याने गाडी भंगारात घाला म्हटलं.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : एवढ्यावरून भंगारात घालू नका. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा आणि फ्लोट व्हॉल्व्ह बदला. नळी घेताना तिच्यावर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं बघून घ्या. साधी काळी नळी आणली तर पुन्हा तेच काम करावं लागेल. टाकीतला जुना गंज इथेनॉलने सुटून येतो, त्यामुळे पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला. इंजिन थंड असताना अडखळत असेल किंवा चढावर तापत असेल तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक माप मोठा घालून प्लगचा रंग बघा, फिकट तपकिरी हवा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं बसतं. सावंतवाडीच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवा.