पीएचडीचे नियम नक्की कोण ठरवतं, प्राध्यापक की प्रशासन?

तुमचा प्रश्न असा आहे की पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठी विद्यापीठात प्राध्यापकांची जी समिती असते, तिला खरंच काही अधिकार असतात, की निर्णय वर आधीच झालेला असतो आणि समिती फक्त सह्या करते? मी अशा समितीत सहा वर्षं होतो, त्यातली दोन वर्षं अध्यक्ष. अधिकार असतात, आणि चांगले भक्कम असतात. फक्त ते वापरले नाहीत तर कुणी हिसकावून न घेताही हातातून जातात.

ढोबळ वाटणी अशी असते: पैसा, जागा, पदं, शिष्यवृत्त्यांची संख्या हे प्रशासनाचं काम. अभ्यासक्रम, प्रवेशाची किमान पात्रता, पात्रता परीक्षा, प्रबंध कोण तपासणार, मार्गदर्शक कोण होऊ शकतो, हे प्राध्यापकांचं. ही वाटणी फार जुनी आहे. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात कारभार विद्यार्थ्यांच्या संघांकडे होता, शिक्षकांना शिस्त लावण्यापर्यंत त्यांची सत्ता होती. पण पदवीची परीक्षा मात्र डॉक्टरांनी, म्हणजे शिक्षकांनी, स्वतःकडे ठेवली. आणि 1219 मध्ये पोप होनोरियस तिसरा यांनी ठरवून दिलं की शिकवण्याचा परवाना तिथल्या आर्चडीकनच्या, म्हणजे चर्चच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, संमतीनेच मिळेल. परीक्षा जाणकार घेणार, शिक्का दुसरं कुणी मारणार. आजही तेच चालतं: पदवीची शिफारस प्राध्यापक करतात, पदवी विद्यापीठ देतं.

आधुनिक काळात हे कागदावर आलं ते भांडूनच. 1920 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने अभ्यासक्रमांवरची देखरेख आणि, मंडळाच्या मंजुरीच्या अधीन राहून, प्रवेश व पदवीच्या अटी ठरवण्याचं काम प्राध्यापकांच्या सिनेटकडे सोपवलं, तेही प्राध्यापकांनी उघड विरोध केल्यावर. 1966 मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने विद्यापीठांच्या आणि नियामक मंडळांच्या संघटनांबरोबर एक निवेदन तयार केलं. अभ्यासक्रम, अध्यापन आणि संशोधन ही मुख्यतः प्राध्यापकांची जबाबदारी, आणि त्यांचा निर्णय फिरवायचाच असेल तर तो अपवादात्मक परिस्थितीत आणि कारण सांगून, असं त्यात म्हटलंय. मला यातले ‘कारण सांगून’ हे शब्द सगळ्यात मोलाचे वाटतात. कारण लिहून द्यावं लागलं की निम्मे वाईट निर्णय होतच नाहीत.

आता प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका फाइलवरून सांगतो. एका विद्यार्थिनीचं चौथं वर्ष चालू होतं आणि तिचं मार्गदर्शकांशी पटेनासं झालं होतं. दुसरे प्राध्यापक तिला घ्यायला तयार होते. पण मार्गदर्शक बदलण्याच्या फॉर्मवर तीन सह्या लागायच्या, आणि त्यातली पहिली होती आधीच्या मार्गदर्शकांची. ते सही करेनात. विभागप्रमुख म्हणाले, सही नाही तर फाइल पुढे जाणार नाही. प्रशासन म्हणालं, हा शैक्षणिक विषय आहे, आम्ही हात घालणार नाही. आठ महिने तो फॉर्म तिच्या बॅगेत होता. माझ्यासमोर आला तेव्हा घड्यांवर फाटायला आला होता.

बैठकीत एका सदस्याने साधा प्रश्न विचारला: ही सही संमतीसाठी आहे की माहितीसाठी? नियमात उत्तरच नव्हतं. कुणीतरी कधीतरी फॉर्म छापताना एक रेघ वाढवली होती आणि तीच नियम होऊन बसली होती. त्या दिवशी आम्ही तिला बदल मंजूर केला. पुढच्या बैठकीत ठराव केला की आधीच्या मार्गदर्शकांना कळवलं जाईल, त्यांचं म्हणणं पंधरा दिवसांत मागवलं जाईल, पण त्यांची संमती ही अट राहणार नाही. त्यावर वादही झाला. आपल्याच सहकाऱ्याचा अधिकार कमी करायला हात वर करणं कुणालाही जड जातं. माझ्या मते समितीची खरी कसोटी तिथेच लागते. प्रशासनाविरुद्ध एकजूट होणं त्यामानाने सोपं आहे.

अधिकार जातात कसे, हेही सांगायला हवं. दीडशे पानांची कार्यसूची बैठकीच्या आदल्या रात्री येते, कुणी वाचत नाही, कोरम जेमतेम भरतो. सुट्टीच्या काळात ‘तातडीची बाब’ म्हणून निर्णय होतो आणि नंतर तो फक्त कायम करायला समितीपुढे येतो. सगळ्यात मोठं दार पैशाचं. नवा, भरपूर शुल्काचा पदव्युत्तर अभ्यासक्रम येतो, अर्थसंकल्पात त्याचं उत्पन्न आधीच धरलेलं असतं, आणि मग आम्हाला विचारतात, हरकत नाही ना? त्या वेळी आम्ही तीनच प्रश्न धरून बसायचो: शिकवणार कोण, एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी, आणि आत्ता शिकणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा वेळ यात जाणार का? समाधानकारक उत्तर नसेल तर प्रस्ताव परत. दोनदा परत पाठवला, आणि एकदा तो खरोखर चांगला होऊन आला.

तुम्ही स्वतः संशोधक विद्यार्थी असाल तर आपल्या विद्यापीठाची नियमावली आणि या समितीची इतिवृत्तं मिळवून वाचा. बऱ्याच ठिकाणी मागितली की मिळतात. अडचण असेल तर विभागात तोंडी विनवण्या करत बसू नका, समितीच्या नावाने लेखी अर्ज द्या, तारखेसह पोच घ्या, आणि नियमाचा कलम क्रमांक लिहा. समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असेल तर बैठकीआधी त्याला भेटा. त्या विद्यार्थिनीचा अर्ज आमच्या कार्यसूचीवर आला तो प्रतिनिधीनेच लावून धरला म्हणून. विभागाकडून तो आमच्यापर्यंत कधीच पोचला नव्हता.